आर्चबिशपचं चांदीचं ताट

मिशनच्या शाळेतले आम्ही जुने मास्तर भेटलो की एकाने किस्सा काढायचा आणि दुसऱ्याने त्याला शेपूट जोडायचं, असं चालतं. पण आर्चबिशपच्या नाटकाचा विषय निघाला, की हसता हसता माझं डोकं आजही तापतं!

मुरुडच्या बाजूचं आमचं छोटं गाव. वर्ष दुष्काळाचं, त्यात लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. चर्चमागच्या वस्तीचा हापसा कोरडा पडला, म्हणून दालमिलमधला हमाल शामराव आणि मी टँकरचा अर्ज घेऊन लातूरला गेलो. क्लार्क म्हणाला, "तुमचं दप्तर अजून जुन्या जिल्ह्यातच हाय." तिकडे गेलो तर, "तुमचं गाव गेलं की लातूरला!"

शामरावने शांतपणे विचारलं, "मग साहेब, तहान कोण्या जिल्ह्यात लागली म्हणून लिहू?"

*

चर्चमध्ये चांदीचं एक जड ताट होतं. कमिटीच्या अध्यक्षांनी वडिलांच्या नावाने दिलेलं. ते विकून वस्तीला पाणी आणू, असं शामरावने मीटिंगमध्ये सुचवलं.

अध्यक्ष कडाडले, "दान दिलेली वस्तू देवाची असते!"

आणि ताटाच्या कपाटाची किल्ली मात्र यांच्या खिशात!

*

त्याच महिन्यात आमच्या फादरनी नाटक बसवायला घेतलं. सहाव्या शतकातल्या, फ्रान्सकडच्या एका आर्चबिशपचं चरित्र. राजाने त्यांना चांदीचं भलंमोठं ताट भेट दिलं, त्यांनी ते भर बाजारात विकलं आणि कैदी सोडवले. आर्चबिशप शामराव, आणि ताट घेणारा व्यापारी टँकरवाले रशीदभाई. भला माणूस, पण फुकट खेपा मारणं त्यालाही परवडत नव्हतं.

पहिल्याच तालमीत शामरावची शंका. "फादर, ताट इकताना आर्चबिशपनी कमिटीला इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मग मला जमतंय हे काम."

*

कैद्यांच्या घोळक्यात सोजरबाई होती. दोन कोसांवरून घागर आणून ती थेट तालमीला यायची. मी प्रॉम्प्टर, उगाच शहाणपणा करायला गेलो. "बाई, जरा थकल्यासारखं दाखवा."

तिने घागर माझ्यापुढे ठेवली. "मास्तर, तुमी एक खेप करून या, मग मला शिकवा!"

लाज वाटली. वाटायलाच हवी होती.

*

नाटकाला नव्या जिल्ह्याचे एक साहेब येणार असं ठरलं, आणि काय सांगू, सकाळीच सरकारी टँकर हजर! कशाला? साहेबांच्या बुटांवर धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी शिंपडायला! बाया घागरी घेऊन धावल्या, तर शिपाई म्हणतो, "ऑर्डर फकस्त मैदानाची हाय."

तोंडाला येईल ते बोललो मी त्याला. एक शब्दही परत घेणार नाही.

*

साहेबांपुढे पुठ्ठ्याचं ताट कसं दाखवायचं, म्हणून अध्यक्षांनी स्वतः कपाट उघडून खरं ताट दिलं.

बाजाराचा प्रवेश आला. शामराव ताट उंच धरून गरजला, "हे ताट कोण घेतो?"

रशीदभाईंनी नाण्यांची थैली द्यायची होती. थैली त्यांनी आणलीच नव्हती. ते म्हणाले, "मी घेतो. पाऊस पडेपर्यंत वस्तीला रोज दोन खेपा!"

"दिलं!"

साहेबांनीच पहिली टाळी वाजवली. रशीदभाई ताट काखेत मारून स्टेजवरून खाली उतरले, तसे अध्यक्ष ताडकन उठले. "अरे थांबवा! ते ताट खरं आहे!"

आर्चबिशपने झगा सावरला.

"बसा खाली, अध्यक्ष. पाणी बी खरंच हाय!"