अकबरीची बेतणी

लोणावळ्याच्या बाजारात अल्लाउद्दीन टेलरचं दुकान होतं. कापड बेतायचं काम म्हाताऱ्याचं. कातरीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. मुलगा इब्राहिम मशीनवर बसायचा आणि सून अकबरी मागच्या खोलीत काज-बटणं करायची. अकबरी उर्से गावची. माहेरी आईबरोबर गोधड्या शिवताना कुठला तुकडा कुठं बसेल, हे तिला बघताक्षणी कळू लागलं होतं.

चौसष्ट सालच्या उन्हाळ्यात खंडाळ्याच्या बाजूच्या एका निवासी शाळेनं गणवेशाचं मोठं काम दिलं. थोरल्या मुलांच्या फुलपँटी शाळा उघडायच्या आत हव्या होत्या. धाकट्यांचं वसतिगृह दिवाळीनंतर सुरू व्हायचं होतं, म्हणून त्यांच्या हाफपँटी तेव्हा चालणार होत्या. राखी रंगाचे तागे आले, पण मागितले त्यापेक्षा कमी. आणि गिरणीनं तो रंगच बंद केला होता.

अल्लाउद्दीननं मोजलं, पुन्हा मोजलं. "थोरल्यांचं निभेल. धाकट्यांना काही पुरत नाही. शाळेला तसं सांगावं लागेल," तो म्हणाला.

अकबरी दारात उभी होती. "अब्बा, दोन्ही संगंच बेतली तर?"

"आणि हाफपँटींचे तुकडे दिवाळीपर्यंत ठेवायचे कुठं? पावसाळ्यात हितं भिंतीला पाणी सुटतं. मागं एकदा कापून ठेवलेल्या कोटांना बुरशी आली होती, विसरलीस?"

म्हाताऱ्याचं खोटं नव्हतं. अकबरी काज-बटणांकडं वळली, पण विचार काही डोक्यातून जाईना. दुपारी दुकान थंडावलं तेव्हा तिनं जुनी वर्तमानपत्रं घेतली, सगळ्या मापांचे कागद कापले आणि जमिनीवर मांडून बघू लागली. फुलपँटीचा पाय वर रुंद, खाली अरुंद. एक पाय सुलटा, शेजारचा उलटा ठेवला, तरी कडेला पट्टी उरायचीच. इतकी वर्षं ती चिंधीत जात होती. तिथं हाफपँटीची एक बाजू नेमकी बसली. मग तिनं थोरल्यांची मापंच वेगळ्या जोडीनं लावली, लांब पायाशेजारी आखूड पाय, आणि आणखी एक तुकडा निघाला.

इब्राहिम मशीन थांबवून बघत राहिला. "अब्बा, या जरा," त्यानं हाक मारली.

अल्लाउद्दीन कागदांभोवती फिरला. खाली बसला. एक कागद उचलून पुन्हा होता तिथं ठेवला. "बसतंय," तो हळूच म्हणाला. "पण बुरशीचं काय?"

"समद्या हाफपँटी आत्ता न्हाई कापायच्या," अकबरी म्हणाली. "थोरल्यांच्या कडंला बसतील तेवढ्याच. बाकीच्यांना तागा राखायचा, तो दिवाळीला कापू. म्हंजे सांभाळायचं गाठोडं लहान ऱ्हाईल. त्याचं मी बघते."

म्हाताऱ्यानं कातर तिच्यापुढं धरली. "मग तूच काप."

पहिला तागा अकबरीनं थांबत थांबत, जपून कापला. दुसऱ्यापासून कातर सरळ चालली. फुलपँटी वेळेवर गेल्या. गाठोडं चुलीवरच्या माळ्यावर चढलं. पावसाळाभर दर जुम्म्याला ती ते खाली काढून एकेका तुकड्यावर कोळशाची इस्त्री फिरवायची. धुराचा वास मात्र लागलाच. दसऱ्याच्या उन्हात दोऱ्या बांधून सगळं वाळवलं तेव्हा कुठं तो गेला. राखलेला तागा नंतर कापला, आणि धाकट्यांच्या सगळ्या हाफपँटी पुऱ्या झाल्या. वर दोन टोप्या निघाल्या.

माल घ्यायला शाळेचे सोपानराव आले. "अल्लाउद्दीनभाई, एवढ्याशा कापडात बसवलं कसं हो?"

"मी नाही बसवलं. माझ्या सुनेनं बेतलंय," म्हातारा ताठ मानेनं म्हणाला. त्यानं आपल्या गळ्यातला टेप काढला आणि सोपानरावांच्या देखत अकबरीच्या गळ्यात घातला. संध्याकाळी ती भाजी आणायला गेली तेव्हा टेप तसाच होता. वाटेत तिच्या ध्यानात आलं, पण काढावासा वाटला नाही.

पुढं बेतायचं टेबल तिचंच झालं. हंगामाची सगळी मापं कागदावर मांडल्याशिवाय ती कातर उचलत नसे. कामशेत, तळेगावच्या बायका शिकायला येऊ लागल्या. शाळेची पोरं रांगेनं स्टेशनाकडं निघाली, की अकबरी हातातलं काम टाकून दारात यायची आणि त्या बायकांना म्हणायची, "बगा गं, समद्यांच्या अंगावर आपलीच बेतणी हाय."