एक या आकड्याचं कारण

कडकताई लॉग उभ्यानं वाचायची.

रोज सकाळी पावणेआठला ती रुग्णालयाच्या तळघरातल्या सर्व्हरच्या खोलीत शिरायची, पर्स दाराच्या खुंटीला अडकवायची, रुमालानं चष्मा पुसायची आणि आदल्या दिवसाचा लॉग, म्हणजे सर्व्हरनं स्वतःच लिहून ठेवलेली दिवसभराची रोजनिशी, शेवटच्या ओळीपासून वर वर वाचत जायची. खुर्ची मागेच असायची. तिच्यावर बसायची नाही. "बसलं की ओळी डोळ्यांखालून नुसत्या घसरतात," ती म्हणायची. "उभं राहिलं की पाय दुखतात, मग माणूस कामाचं तेवढंच बघतो."

तिचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं. कडकताई हे तिला मागून म्हणत, तोंडावर नुसतं ताई. राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर मुक्कामाला असायचा. प्रिंटरला ती झापायची, लिफ्टला झापायची, एकदा तर भिंतीवरच्या घड्याळाला म्हणाली होती, "तुझं तरी काय चाललंय?" तिचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, हळू बोलणारा माणूस. कोणी विचारलं तर सांगायचा, "आमच्या घरी भांडण होत नाही. ही एकटीच दोघांचं भांडून घेते."

बावन्नाव्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नोकरीच्या सबंध काळात पहिल्यांदाच ती सलग सहा आठवडे घरी राहिली. परतली त्या सोमवारी काठी टेकवत खोलीत आली, पर्स अडकवली, चष्मा पुसला आणि उभीच राहिली.

तिसऱ्याच ओळीला ती थांबली.

लॉगच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एक आकडा असतो. ते काम सर्व्हरच्या कोणत्या थ्रेडनं केलं, त्याचा. थ्रेड म्हणजे सर्व्हरचे राबणारे हात. गेली नऊ वर्षं प्रत्येक ओळीच्या शेवटी एकच आकडा होता, एक. सर्व्हरला एकच हात होता, आणि तो एकच का होता हे जगात फक्त ताईला माहीत होतं. आज तिथं सात होता, मग बारा, मग एकतीस, पुन्हा सात.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जिन्याकडे धावण्याआधी तिनं दोन गोष्टी केल्या. हातांची संख्या ठरवणारी सर्व्हरची फाइल उघडून तिथला चाळीस खोडून एक केला, आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. वर अहवालाच्या चार खिडक्यांपुढं आता रांग साचणार होती. साचू दे म्हणाली.

मग ती सरांच्या केबिनमध्ये गेली. सर म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख, दोन वर्षांपूर्वी आलेले, इस्त्रीच्या घडीसारखे नीट बोलणारे.

"माझ्या फाइलला हात कोणी लावला?"

"या, या. गुडघा काय म्हणतो?"

"गुडघ्याचं नंतर. फाइलला हात कोणी लावला?"

"तुमची फाइल? रुग्णालयाची म्हणा." सर हसले. "लोक पाऊण पाऊण तास ताटकळत होते, ताई. उघडून बघितलं तर खिडक्या चार आणि हात एक! मीच चाळीस केले. त्या दिवसापासून रांग गायब. खरं तर तुम्ही आभार मानायला हवेत."

"मानते की. आणि धाकटीचं काय झालं, ते सांगा."

सरांचा चेहरा बदलला. "ती वेगळी भानगड आहे. तिचा याच्याशी काय संबंध?"

धाकटीची भानगड ताईला घरीच फोनवर कळली होती. धाकटी ही प्रयोगशाळेत रक्ततपासणीचे आकडे संगणकात भरणारी बाई. चाळिशीला आली होती, दोन मुलांची आई होती, पण रुजू झाली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटीच राहिली. दोन आठवड्यांपूर्वी एक निवृत्त ड्रायव्हर खिडकीवरून अहवाल घेऊन गेला. कागदावर पोटॅशियम अगदी व्यवस्थित होतं. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या घराच्या जिन्यात कोसळला. वाचला, पण थोडक्यात. त्याचं पोटॅशियम खरं तर धोक्याच्या पार वर गेलेलं होतं. संगणकात नोंद पाहिली तर तीही बरोबर होती, धोक्याची. मग कागदावर चुकीचा आकडा आला कुठून? चौकशीनं सोपं उत्तर काढलं. धाकटीनं आधी चुकीचा आकडा भरला आणि प्रकरण अंगावर येतंय म्हटल्यावर गुपचूप दुरुस्त केला. शुक्रवारी तिला काढणार होते, आणि तेही नोंदीत फेरफार केल्याचा शेरा मारून. असा शेरा घेऊन गेलेल्या बाईला पुढं कोणतीच प्रयोगशाळा दारात उभी करत नाही.

धाकटी तिला जिन्याखाली भेटली. रडत नव्हती. रडून झालेलं दिसत होतं.

"माझी नोंद बरोबर निघाली ना ताई, तेच माझं पाप झालंय. चुकीची असती तर नुसती निष्काळजी म्हणाले असते. आता लबाड म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच. तुम्ही ओरडू नका हं आता."

"मी ओरडत नाहीये!" ताई ओरडली.

खाली येऊन तिनं दार लावून घेतलं. आता तिला सरांना पुरतं धुवायचं होतं. फाइलमध्ये तिनं नक्की लिहून ठेवलं असणार की हा आकडा वाढवू नये, का वाढवू नये. तो कागद छापायचा आणि सरांच्या टेबलावर आपटायचा, एवढंच. तिनं फाइल वरपासून खालपर्यंत पाहिली. मग खालून वर पाहिली. जुन्या प्रती काढल्या, त्याही पाहिल्या.

कुठंही काही नव्हतं. एक हा आकडा होता. त्याच्या शेजारी, वर, खाली एक शब्द नव्हता.

ताई खुर्चीवर बसली.

नऊ वर्षांपूर्वीची ती दुपार तिला आठवली. अहवाल छापणारं सर्व्हलेट तिनं तेव्हा पहिल्यांदा उघडून वाचलं होतं. सर्व्हलेट म्हणजे सर्व्हरच्या पोटात बसलेला एक छोटा प्रोग्राम. खिडकीवरून मागणी आली की तो रुग्णाचा क्रमांक घेतो, आकडे शोधतो, कागद तयार करतो. हा प्रोग्राम साऱ्या खिडक्यांना मिळून एकच असतो, आणि लिहिणाऱ्यानं त्याच्या हातात जणू एकच पाटी दिली होती. पहिल्या खिडकीनं क्रमांक सांगितला की तो पाटीवर लिहायचा, वरचं नाव छापायचा आणि आकडे आणायला आत वळायचा. तेवढ्यात तिसऱ्या खिडकीनं दुसरा क्रमांक सांगितला, तर त्याच पाटीवरचा पहिला पुसून तो लिहिला जायचा. आत गेलेला आकडे आणायचा ते या दुसऱ्याचे. नाव एकाचं, रक्त दुसऱ्याचं. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. तेव्हा खिडकी एकच होती, पण पुढं वाढणार होत्या. ताईनं सर्व्हरचे हात एकवर आणले, म्हणजे दोन मागण्या कधी एकमेकींना भिडणारच नाहीत, आणि स्वतःशी म्हणाली, तूर्तास चालेल.

त्या तूर्तासला नऊ वर्षं झाली होती.

एक ओळ लिहायची होती फाइलमध्ये. का लिहिली नाही? वेळ नव्हता, हे तिनं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नव्हतं. वेळ ढीगभर होता. सर्व्हरच्या पोटातलं दुखणं फक्त आपल्याला ठाऊक आहे, आपण सुट्टी घेतली तर या इमारतीचं अडेल, ह्यात एक ऊब होती. त्या उबेत ती नऊ वर्षं बसली होती. उभ्यानं लॉग वाचणारी बाई.

"मूर्ख," ती म्हणाली. या खेपेला समोर प्रिंटर नव्हता.

पुढचे तीन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. सहा आठवड्यांच्या लॉगमधून तिनं एकाच सेकंदात जोडीनं आलेल्या मागण्या वेचून काढल्या. ड्रायव्हरचा कागद मागितला तो सेकंद सापडला. पहिली खिडकी आणि तिसरी खिडकी, दहा वाजून चौदा मिनिटं सात सेकंद. उरलेल्यांच्या घरी तिनं आणि धाकटीनं फोन लावले, लोकांकडून कागद वाचून घेतले, नोंदींशी ताडले. अकरा कागद चुकीचे निघाले. दहा जणांचं नशीब चांगलं होतं, त्यांना काही झालं नव्हतं. अकरावा ड्रायव्हर.

"नवऱ्याला सांगितलं का?" धाकटीनं विचारलं.

"सांगितलं. तो म्हणाला, आता तूच तुझ्याशी भांड, मी चहा करतो."

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत खिडक्या बंद असताना ताईनं सर्व्हरचे हात पुन्हा चाळीस केले आणि रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टरबाईंना आणि सरांना खिडक्यांपाशी बोलावलं. त्यांना पहिल्या खिडकीवर बसवलं, सरांना तिसऱ्या. दोघांनी आपापला रुग्ण क्रमांक टाकला.

"मी तीन म्हटलं की दोघांनी दाबायचं. एक, दोन, तीन."

दोन कागद आले. दोन्ही बरोबर. पुन्हा. बरोबर. सर मागे रेलले. "ताई, हे किती वेळ चालणार?"

"दाबा म्हटलं ना! एक, दोन, तीन."

नवव्या वेळी तिसऱ्या खिडकीवरचा कागद ताईनं उचलला, वाचला आणि सरांपुढं धरला. "अभिनंदन. नाव तुमचं आहे, आणि हिमोग्लोबिन डॉक्टरबाईंचं."

डॉक्टरबाईंनी तो कागद घेतला. संगणकातल्या दोन्ही नोंदी उघडायला सांगितल्या. दोन्ही जिथल्या तिथं, बरोबर होत्या. "म्हणजे त्या बाईंनी काहीच बदललं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"तांत्रिक अडचण म्हणून लिहू या," सर चटकन म्हणाले. "कोणाचं नाव नको. आणि धाकटीला फक्त एक समज देऊ. कागदोपत्री. चौकशी लावली होती, तर काहीतरी निघालं असं दिसायला हवं ना."

"समज?" ताईची काठी फरशीवर आपटली. "कशाची समज? बरोबर आकडा भरल्याची? तुमची चौकशी रिकामी दिसू नये म्हणून तिनं आयुष्यभर डाग मिरवायचा? अडचण आपोआप उगवत नाही, सर. कोणीतरी एकाचे चाळीस करतं, न विचारता. आणि त्याच्या आधी कोणीतरी..." ती थांबली. "त्याच्या आधी मी तो एक लिहिला होता. का लिहिला ते कुठं लिहिलं नाही. दुखणं मला नऊ वर्षं माहीत होतं. मी झाकण ठेवलं आणि वर चिठ्ठी लावली नाही. हे असंच लिहा. माझं नाव घालून, त्याखाली सरांचं. तिचं नाव मला त्या कागदावर कुठंही दिसता कामा नये."

"तुम्ही स्वतःवर कशाला ओढवून घेता?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

"ओढवून नाही घेत. माझंच आहे ते."

त्याच दुपारी तिनं सर्व्हलेट उघडलं. क्रमांक ठेवायची ती ओळ चार ओळी खाली, आत सरकवली, म्हणजे प्रत्येक मागणीला आता स्वतःची वेगळी पाटी मिळणार होती. हाताला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं नऊ वर्षं पुढं ढकलली होती, ह्याचा राग तिला त्यानंतरही कित्येक दिवस जेवताना मध्येच यायचा आणि घास हातातच राहायचा.

धाकटीच्या कागदावर शेरा आला नाही. ताईचा करार महिनाअखेरीस संपत होता, तो पुढं वाढवला नाही. सर राहिले. त्यांचं नाव अहवालात आलं, पण "रांग कमी करण्याच्या हेतूने" असं त्याच्या आधी कोणीतरी हळूच जोडलं होतं. ताईनं ते वाचलं आणि अख्खा जिना बडबडत उतरली.

उरलेले दिवस तिनं फाइली लिहिल्या. प्रत्येक आकड्याच्या वर एक वाक्य, हा का, कधीपासून, वाढवला तर काय होईल. शेवटच्या दिवशी पावणेआठला लॉग वाचला, उभ्यानंच. ओळींच्या शेवटी सात होता, बारा होता, एकतीस होता, आणि नाव ज्याचं रक्तही त्याचंच होतं.

संध्याकाळी धाकटी दारापर्यंत आली. तिला काहीतरी मोठं बोलायचं होतं. ताईनं खुंटीवरची पर्स काढून खांद्याला लावली, दोन पायऱ्या चढली आणि काहीतरी आठवून वळली.

"आणि हे बघ, तीन नंबरच्या प्रिंटरचा ट्रे पूर्ण आत ढकलत जाऊ नकोस. बोटभर बाहेर ठेव. स्प्रिंग सैल झालीय त्याची, कागद वाकडा घेतो."