लच्छुबाईची साक्ष

जानेवारीतली दुपार होती. मी पांढरकवड्याच्या कॉलेजातून घरी येऊन नुकतीच चूल पेटवली होती, तेवढ्यात शेजारचे काका धावत आले... "पोरी, चाल लवकर. जिनिंगमध्ये तुह्या मायचा हात सापडला."

दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या उजव्या हाताला भलंमोठं बँडेज होतं. चार बोटं गेली होती, अंगठा तेवढा राहिला होता. मला पाहून ती काय म्हणाली असेल? "जेवली का तू?"

बाबा मी लहान असतानाच गेले. घरात आम्ही दोघीच. आई सीझनमध्ये जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या, मशीनवर कापूस टाकायची. त्या दिवशी ओला कापूस रोलरमध्ये अडकला, मुकादम ओरडला, आणि तिनं चालू मशीनमध्ये हात घातला...

ती वर्षं कापसाची फार वाईट होती. पेपरात रोज शेतकऱ्यांच्या बातम्या यायच्या. कापूसच कमी, म्हणून निम्म्या जिनिंगला कुलूप होतं आणि जी चालू होती तिथं काम मिळावं म्हणून बायांची रांग लागायची. या बायांबद्दल मात्र कुणी काही लिहीत नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, ही आमची मजूर नाही, ठेकेदाराची आहे. ठेकेदार म्हणाला, ती त्या दिवशी कामावरच नव्हती, कुणाला तरी भेटायला आत शिरली होती.

यवतमाळला एक वकीलबाई भेटल्या. त्यांनी आईला समोर बसवून समजावलं... "कामावर असताना मार लागला तर भरपाई मिळणं हा तुमचा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. मजूर ठेकेदाराची असली तरी मालक सुटत नाही. फक्त तुम्ही त्या दिवशी कामावर होता हे सांगणारं कुणीतरी पाहिजे."

कुणीतरी! आईसोबतच्या सगळ्या बायांच्या घरी मी गेले. त्यांनी चहा पाजला, आईची चौकशी केली, दोघी तर रडल्याही. पण कोर्टात यायला कुणी तयार नव्हतं. मला राग आला नाही. साक्ष दिली की पुढच्या सीझनला गेट बंद, हे मलाही कळत होतं.

राहिली लच्छुबाई. ती आईच्या बाजूच्या मशीनवर असायची. झरी जामणीकडच्या जंगलातल्या पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, ही बाई सीझनपुरती आमच्या गावात बहिणीच्या झोपडीत राहायला यायची. मी काळीपिवळी जीपनं आणि पुढं पायी तिच्या पोडावर गेले. तिनं सगळं ऐकून घेतलं. नवरा म्हणाला, "मंग हिले काम कोण देईन?" लच्छुबाई हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. कोर्टाची तारीख तिच्या लक्षात राहावी म्हणून मी एवढंच सांगून आले, की पोळ्यानंतरचा पहिला सोमवार.

त्या सोमवारी आम्ही यवतमाळच्या लेबर कोर्टात पोचलो, तर लच्छुबाई आधीच बाहेरच्या लिंबाखाली बसलेली. आदल्या दिवशीच घरून निघाली होती म्हणे...

साक्ष सुरू झाली. समोरचे वकील हुशार होते. तारीख कोणती, वार कोणता, किती वाजले होते... लच्छुबाईला यातलं काहीच सांगता येईना. शेवटी ते हसून म्हणाले, "बाई, तुम्हाला तारीख माहीत नाही. मग ही बाई त्या दिवशी तुमच्याजवळ काम करत होती, हे इतक्या महिन्यांनी बरं लक्षात राहिलं?"

लच्छुबाईनं पहिल्यांदाच मान वर केली. "सकाळपासून आमी दोघी बाजूबाजूले होतो साहेब. हिचा हात काढला तं रक्त थांबून नाही राह्यलं. मंग मी माहं लुगडं फाडलं अन् बांधलं. त्या दिवशी मी अर्ध्या लुगड्यानं घरी गेलती. साऱ्या रस्त्यानं लोक पाहत होते... असा दिवस कोणती बाई विसरन?"

जजसाहेबांनी लिहिणं थांबवलं, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले. समोरचे वकील खाली बसले.

आणि माझी आई, जी हात गेल्यावर एकदाही रडली नव्हती, ती तोंडाला पदर लावून हुंदके द्यायला लागली. ती तेव्हा बेशुद्ध झाली होती. हाताला बांधलेलं कापड कुणाचं होतं, हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं.

काही महिन्यांनी निकाल आईच्या बाजूनं लागला. मालकाला भरपाई कोर्टात जमा करावी लागली. पण त्या सीझनला जिनिंगनं लच्छुबाईला कामावर घेतलं नाही. कळल्यावर आई म्हणाली, चल, पोडावर जाऊ.

लच्छुबाई अंगणात मोहफुलं वाळवत होती. आई तिच्याजवळ खाली बसली. "लच्छे, माहा एक हात हाये, तुहे दोन. तीन हातानं चहाचं दुकान चालते का नाही?" लच्छुबाई आधी लाजली, मग खळखळून हसली...

केळापूरच्या रस्त्यावर त्या दोघींनी बरीच वर्षं दुकान चालवलं. आई डाव्या हातानं भजी सोडायची, लच्छुबाई चहा गाळायची. दोघी दिवसभर भांडायच्या. माझं शिक्षण त्या तीन हातांनी पूर्ण केलं.

आता मी त्याच वकीलबाईंच्या ऑफिसात काम करते. कामावर मार लागलेली माणसं येतात, बरोबर कागदांची पिशवी असते, चेहरे भ्यालेले असतात. कागद मी नंतर बघते. आधी त्यांना पाणी देते आणि विचारते... "त्या वेळी तुमच्या बाजूला कोण होतं?"