तलावाकाठचं माडगं

विषमज्वरातून उठलो तेव्हा मी बत्तीस वर्षांचा होतो आणि माधवनगरच्या आमच्या चाळीचा जिना चढताना दोनदा बसत होतो. महायुद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं. गिरणीत माझी हजेरी-कारकुनाची नोकरी, तीही महिनाभरच राखून ठेवली होती. अन्न समोर आलं की मळमळायचं. डॉक्टर म्हणाले, "हवा पालटा." बायको कमल म्हणाली, "मायणीला, माझ्या मामाकडं जाऊ." मला उत्साह नव्हता, पण नाही म्हणायलाही ताकद लागते.

सांगलीहून सकाळची सर्व्हिस मोटार तासगावमार्गे विट्याला जाते. पेट्रोलच्या टंचाईमुळे आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी होती. चढ आला की माणसं उतरून ढकलायची. मला मात्र ड्रायव्हरनं बसून राहू दिलं. जाणाऱ्यांनी पुढची जागा धरावी, मागे धूर फार. विट्याला मामा बैलगाडी घेऊन उभे होते. गाडीत कडबा अंथरलेला, वर घोंगडं. पुढचा रस्ता खडीचा, दोन्हीकडं उघडी माळरानं. संध्याकाळी पोचलो तेव्हा थंडीनं दात वाजत होते.

मामा पलटणीतून पेन्शनीवर आलेले, मामी मेंढरांमागं वाढलेल्या. मामींनी माझ्याकडं पाहिलं आणि कमलला म्हणाल्या, "आगं, हे काय केलंस जावईबापूंचं? नुसता सांगाडा ऱ्हायलाय!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी पितळी पुढं केली. हुलगे भाजून, जात्यावर दळून, ते पीठ पाण्यात सैलसर शिजवलेलं; वर जिऱ्यालसणाची फोडणी. याला तिकडं माडगं म्हणतात. मी दोन घोट घेऊन पितळी ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," मामी म्हणाल्या. "तळ्यावर जाऊन बसा. भूक लागंल तवा या."

तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर. बाभळीखाली घोंगडं पांघरून बसलो. धुकं विरलं तसे पाण्यावर पक्षी दिसू लागले: बदकं, बगळे, आणि पलीकडच्या काठाजवळ शे-दीडशे मोठे राखी हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. करायला काही नव्हतं, म्हणून बघत बसलो. एक हंस मान पंखात घालून झोपला की शेजारचा जागा राही. ऊन चढेपर्यंत मी माझ्या तब्येतीचा एकदाही विचार केला नव्हता. घरी येऊन पितळी मागितली आणि चाटूनपुसून रिकामी केली. कमल चुलीकडं तोंड फिरवून डोळे पुसत होती.

असे बारा दिवस गेले. रोज तळं, रोज माडगं. जिना नव्हता, पण तळ्याचा बांध मी एका दमात चढू लागलो.

तेराव्या दिवशी दुपारी साताऱ्याहून एक वकीलसाहेब मोटारीनं आले, सोबत दोन बंदुका. ओसरीवर बसून त्यांनी मला विचारलं, "तुम्ही रोज तलावावर असता म्हणे. हंस पहाटे कुठं उतरतात?"

मला नेमकी जागा ठाऊक होती. "चार दिवसांत दिसले नाहीत," मी म्हणालो. "गेले असावेत."

त्यांनी मामांकडं पाहिलं. मामा तंबाखू मळत म्हणाले, "जावईबापू म्हंत्यात तसंच हाय, साहेब." मोटार आल्या वाटेनं निघून गेली.

मग मामा म्हणाले, "चला, हरभरा बघू." शेताचा एक कोपरा पार खुडलेला होता. "हे तुमच्या हंसांचं काम. रोज दिवस मावळला की उतरत्यात."

मला शरम वाटली. "मामा, मग तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

"आवं, तुमी त्यांच्याकडं बघून जेवायला लागला. कसं सांगू? पर हरभराबी माझाच हाय."

त्या संध्याकाळपासून मुक्काम संपेपर्यंत मी पत्र्याचा डबा बडवत शेताच्या कडेनं फिरलो. हंस डोक्यावरून कलकलाट करत यायचे, डबा ऐकून माळाकडं वळायचे. मामा बांधावर हसत उभे. "लय भारी गड्या! सकाळी बघायचं, सांजंला हाकलायचं!" हाकलताना मला वाईट वाटायचं आणि मजाही यायची. धावलो की भूक दुप्पट.

परत आलो, कामावर रुजू झालो. मामींनी दिलेलं पीठ महिनाभर पुरलं. मग कमलनं इथल्या हुलग्यांचं केलं. चव वेगळी, पण बरी होती.

मला वाटलं होतं, तळं तिकडंच राहिलं. परवा रविवारी कृष्णेच्या घाटावर बसलो होतो. कमलला पक्ष्यांचं कधीच काही वाटलं नव्हतं. ती एकदम माझा दंड धरून कुजबुजली, "हलू नका. तुमच्या मागं कोण आलंय बघा."

मागं बघायचं तर हलावं लागणार होतं. मी तसाच बसलो आणि ती मला सांगत राहिली: केवढा आहे, रंग कोणता, चोच कशी, शेपटी कशी हलवतो.