वन्संचं न पोचलेलं पत्र

देवासमोर बसून रागावू नये म्हणतात. आज मी बसले, रागावले आणि तशीच उठले. कारण देवाला ठाऊक आहे. वहीलाही कळू दे.

माझ्या नणंदबाई, वन्सं, आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहतात. यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवतात. दोन शिलाई मशिनी आणि कापड बेतायचं टेबल हाच त्यांचा संसार. जीभ कात्रीची. एखादीची शिलाई वाकडी गेली की म्हणणार, "ही शिलाई आहे की गोगलगाय फिरायला गेली होती?" पण अर्धवट शिकवून एकाही मुलीला घरी पाठवलेलं नाही.

मुली वाढल्या, जागा पुरेना, म्हणून दोन खोल्यांमधली भिंत काढायचं ठरलं. आधी वन्संनी घराच्या विम्याची पॉलिसी वाचायला घेतली. सतरा पानं, भिंगातून! मला म्हणाल्या, "बांधकामात बदल करायचा तर आधी कळवा, असं स्वच्छ लिहिलंय. नाहीतर काही झालं की कंपनी हात वर करणार." मग गवंड्याला धरलं. "तुझ्या हातून नुकसान झालं तर भरून द्यायला तुझा विमा आहे का रे?"

तो हसला. "मावशी, मी हाडाचा गवंडी आहे."

"हाडं मोडतात, म्हणूनच विचारतेय."

त्याचा विमा नव्हता. मग तर कंपनीला कळवल्याशिवाय वीट हलवायची नाही, असं म्हणून त्यांनी पत्र लिहिलं. पॉलिसी सगळ्या घराची, आमच्या ह्यांच्या नावावर. त्यामुळे सही करून ते नेऊन द्यायचं काम ह्यांचं. चार दिवसांनी हे म्हणाले, "दिलं गं ताई. चालेल म्हणाले ते."

दोन मीटर कापडाचीही पावती मागणाऱ्या बाईने पत्राची पोच मागितली नाही. सख्ख्या भावाकडे पोच काय मागायची!

भिंत पाडली त्याच्या तिसऱ्या दिवशी छताला लावलेला टेकू सरकला. बीम वाकला आणि छताचा मोठा तुकडा कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या दोन्ही मशिनींवर आला. वन्सं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात होत्या, ही देवाची कृपा. बाकी सगळी माणसाची करणी.

काल कंपनीचा सर्व्हेअर आला. "काम काढण्याआधी कळवलं होतंत?"

"हो. पत्र दिलंय," वन्सं ताठ मानेने म्हणाल्या.

त्याने फाईल दोनदा चाळली. "आमच्याकडे काही आलेलं नाही, मावशी."

वन्संनी भावाकडे पाहिलं. हे छताकडे पाहू लागले, जेवढं उरलं होतं तेवढ्याकडे. मग वन्संना बाजूला घेऊन पुटपुटले, "एवढीशी भिंत! कळवलं तर उगाच हप्ता वाढवतील, म्हणून नाही दिलं, पिशवीतच राहू दिलं. तू सांग ना, भिंत आधीच पडायला आली होती. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

"माझ्या तोंडावर एवढा विश्वास, आणि मी लिहिलेल्या पत्रावर नाही?" एवढंच बोलून त्या सर्व्हेअरकडे वळल्या. "भिंत धडधाकट होती. आम्ही पाडली. लिहून घ्या."

त्याने लिहून घेतलं. भरपाई मिळायची नाही, हे जाता जाता दारातच सांगून गेला.

आणि तो वळताच हे काय म्हणाले? "जाऊ दे, देवाची इच्छा!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अहो, ते पत्र देवाने ठेवलं होतं का तुमच्या पिशवीत? थाप देवाने मारली? आपला कद्रूपणा त्याच्या माथी मारू नका."

वन्सं रात्री जेवल्या नाहीत.

आज सकाळी त्या आमच्या पुढच्या खोलीत आल्या आणि सोफ्याला हात घातला. "क्लास आता इथे. माझी खोली बांधून होईपर्यंत. आणि ती तू बांधून देणार आहेस."

"अगं ताई, मग मी बसू कुठे?"

"पत्रावर बसूनच तर ही वेळ आणलीस."

मी पदर खोचला आणि सोफ्याचं दुसरं टोक धरलं.