साळूबाईचा लोकरीचा बैल

कुंभार पिंपळगावात साळूबाईच्या हातचे गोंडे नसले, तर पोळ्याला बैल उघडा वाटायचा. पोळा जवळ आला की आठवडी बाजारात तिच्या पोत्याभोवती ही झुंबड! लाल, पिवळे, निळे गोंडे, आणि ते गळ्यात बांधायला लोकरीचाच चौपदरी गोफ. "वढून बघा, दादा," ती गिऱ्हाइकाला म्हणायची. "बैल थकंल, पण माझा गोफ तुटायचा न्हाई." आणि तुटत नव्हताच. इतका एकसारखा टाका येतो कसा, असं कुणी विचारलं की मात्र साळूबाई डावा हात पदराखाली घ्यायची.

त्या हाताचं एक बोट वाकडं होतं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बैलांना पाणी पाजायला उशीर झाला, म्हणून नवऱ्यानं, पुंजारामनं, चाबकाच्या दांड्यानं ते मोडलं. दवाखान्यात कोण नेतो? जुळलं तसं जुळलं. पुढं क्रोशाची सुई हातात आली तेव्हा त्याच वाकड्या बोटावर लोकर अशी घट्ट बसायला लागली, की बघणारा चाट पडावा. लोकांनी टाक्याचं कौतुक केलं, दांड्याचं नाव कुणी काढलं नाही.

तिची लेक शीतल हसनाबादला दिलेली. जावई भुजंग, दिसायला देखणा, हाताचा कसाई. शीतल तीनदा मार खाऊन माहेरी आली. एकदा डोळा सुजलेला, एकदा कानाची पाळी फाटलेली, एकदा पुढचा दात पडलेला. तिन्ही वेळा साळूबाईनं चार दिवस ठेवून घेतलं, ओटी भरली आणि परत धाडलं. "मी न्हाई का नांदले?" म्हणाली. काय ते नांदणं, जळो मेलं! एवढी शहाणी बाई, पण तिथं तिची मती मारली गेली होती.

चौथ्यांदा शीतल आली ती पोळ्याच्या आदल्या दिवशी, पाच वर्षांच्या प्रीतीला कडेवर घेऊन. काही बोलली नाही. पाठमोरी बसली आणि पदर बाजूला केला. पाठीवर तापलेल्या उलथन्याचे तीन डाग होते.

अंगणात पुंजाराम बैलांचे खांदे मळत होता. वर्षभर जू ओढलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं, असा त्या दिवसाचा रिवाज. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या," तो बैलांच्या कानात सांगत होता, अगदी मायेनं. साळूबाईनं वाटीतलं अर्धं लोणी त्याला दिलं आणि उरलेलं लेकीच्या पाठीला लावलं.

"सकाळी जावई न्यायला येऊन राह्यलेत," पुंजाराम बाहेरूनच म्हणाला. "फोन आल्ता. गुमान धाडून द्यायची. तमाशा नको."

हो म्हणावं तर पोरगी पाचव्यांदा येईल ती तिरडीवर, हे तिला आता लख्ख कळलं होतं. नाही म्हणायची मात्र तिच्या जिभेला सवयच नव्हती.

प्रीतीला गोंडा हवा होता, पण गोंडे तर सगळे विकून झालेले. मग साळूबाई उरलेली लोकर घेऊन बसली आणि सुईनं तिच्यासाठी बैल विणायला लागली. अंग लाल, एक शिंग निळं, एक पिवळं, कारण त्या रंगाचं तेवढंच उरलं होतं. पोटात घरचा कापूस ठासला.

"आजी, आजोबा बैलाला मारतेत का?"

"मारतेत की. पर पोळ्याला न्हाई. त्या दिशी चाबूक खुटीवरून काढायचा नसतो."

प्रीतीनं बैल उलटासुलटा करून बघितला. मग तिनं बैलाला माणसाच्या गळ्यात बसेल एवढा लांब गोफ लावून मागितला.

सकाळी बैल सजून दारात उभे होते, शेजारी पुंजाराम. साळूबाई ओसरीवर बसून हातातल्या क्रोशाच्या सुईनं उरल्यासुरल्या लोकरीचे उगाच टाके घालत होती. भुजंग आला तो बूट न काढताच आत शिरला. शीतल भिंतीला टेकून बसलेली. तिच्या गळ्यात प्रीतीनं गोफ बांधला होता आणि गोफाला तो लाल बैल लोंबत होता.

प्रीती मधे उभी राहिली. "पप्पा, आई आज बैल हाय. आज तिला मारायचं न्हाई. पोळा हाय."

भुजंग हसला. "असं का? मंग चल, बैला!" त्यानं गोफ धरला आणि हिसका मारला.

शीतल तोंडावर पडली. त्यानं तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. गोफ गळ्यात रुतला, डोळे बाहेर आले, तोंड निळं पडलं. आणि गोफ तुटेना! साळूबाईच्या हातचा तो, तुटेल कसा? आपल्याच हातानं लेकीचा फास विणला, हे ध्यानात आलं आणि साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हातातली लोखंडी सुई भुजंगच्या मनगटात पार घुसवली. सुईच्या तोंडाला आकडी असते. आत गेली की सहज निघत नाही. भुजंग गुरासारखा ओरडला. रक्त उंबऱ्यावर सांडलं आणि त्याच्या हातून गोफ सुटला.

"जावयावर हात टाकती, रांडे?" पुंजारामनं खुंटीवरचा चाबूक ओढला. ऐन पोळ्याच्या दिवशी! पहिला फटका साळूबाईच्या खांद्यावर बसला. दुसरा बसायच्या आत तिनं चाबूक त्या वाकड्या बोटात अडकवला, मुठीत आवळला आणि ओढून घेतला.

"तीस वर्सं खाल्ला," ती म्हणाली. "पर पोरगी जाणार न्हाई. बिलकुल जाणार न्हाई."

पुंजारामनं पुन्हा हात उचलला नाही. दारात गाव जमलं होतं. भुजंगला मनगटात सुई तशीच ठेवून कुणाच्या तरी मोटारसायकलवर दवाखान्यात न्यावं लागलं. साळूबाई शीतलला घेऊन पोलीस ठाण्यात गेली. गळ्यावरचा वळ दाखवला, पाठ दाखवली. "सुई मीच मारली, तेबी लिव्हा," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे सण सरला आणि बैल परत जुंपायचे. शीतल आत झोपली होती. पुंजाराम अंगणात शोधाशोध करत होता. "चाबूक कुठंय?" त्यानं दोनदा विचारलं. साळूबाई चुलीपुढं बसून चहा करत होती, तिनं वर पाहिलं नाही.

प्रीती लाल बैल पोटाशी धरून उठून आली. "आजी, पोळा झाला ना? आज मारतेत का मंग?"

साळूबाईला भडभडून आलं. इतक्या वर्षांत ती कुणापुढं कधी रडली नव्हती, आता रडली. पोरीला मांडीवर घेतलं आणि चुलीकडं बोट दाखवलं, ते वाकडं. चहाच्या भांड्याखाली चाबकाचा दांडा अर्धा जळून गेला होता.