लायरचा पट्टा

एका ग्रीक मडक्यावरच्या चित्राचा फोटो घेऊन मी भवानी पेठेतल्या त्या दुकानात गेले. तिथले चाचा सतारी दुरुस्त करायचे. मला हवं होतं चित्रातलं सात तारांचं प्राचीन वाद्य, लायर. डावं मनगट दुखावल्यापासून माझी सतार बंद होती, पण तेवढं मी सांगितलं नाही. कीव नको होती.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

“ह्याचा आवाज कसा असेल?” मी विचारलं.

“ऐकलेलं कुणी उरलं नाही, ताई. म्हणजे चुकलं तर सांगणारंही कुणी नाही.” मग त्यांनी चहा मागवला.

महिन्याभराने लायर तयार झालं. चित्रातल्या लायरला होती तशा कासवाच्या पाठीऐवजी तंबोऱ्याचा भोपळा, आणि बाजूला आतून मऊ कापड लावलेला चामड्याचा पट्टा.

“हा कशाला?”

“चित्रातल्या माणसाने डावा हात पट्ट्यात अडकवलाय. हाताचा भार पट्टा घेतो, बोटं मोकळी राहतात.” चाचा तारा पुसत राहिले. “त्या दिवशी तुम्ही चहाचा कप दोन्ही हातांनी धरला होता.”

आभार मानायचे राहूनच गेले. मी तिथेच वाजवत बसले होते.